पहिलीच्या वर्गाची बातमी दप्तरातून येते

जर्मनी म्हटलं की सांगलीच्या आमच्या घरच्यांना सगळं बटणावर चालणारं जग दिसतं. त्यामुळे लेकीचं नाव पहिलीत घातलं तेव्हा बाबांनी पहिली चौकशी केली ती अ‍ॅपची. "शाळेचं अ‍ॅप असेल ना? मला पण जोडून दे, इथून बघत जाईन."

अ‍ॅप नव्हतं. होती ती पिवळी प्लास्टिकची फाइल, कोपऱ्यांना रबर लावलेली. इथे तिला पोस्टमाप्पे म्हणतात. शाळा सुरू व्हायच्या आधी सामानाची यादी आली होती, त्यात तीन बाजूंच्या जाड पेन्सिली, पंधरा सेंटिमीटरची पट्टी आणि ही फाइल, रंगासकट नमूद. आम्ही स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो आणि या गावातल्या पहिलीच्या वर्गाचं सगळं दळणवळण त्या फाइलमधून चालतं. कधी काय आहे, मुलांनी काय आणायचं, सहल कुठे, कोणत्या दिवशी शाळा लवकर सुटणार, सगळं कागदावर छापून येतं. कागदाच्या तळाशी ठिपक्यांची रेघ, रेघेवर कात्रीचं छोटं चित्र. त्याखालची पट्टी भरायची, सही करायची, कापायची आणि परत पाठवायची.

पाठवायची म्हणजे लेकीच्या हाती. बाई आपल्याला काही कळवत नाहीत. बाई मुलीला कागद देतात आणि तिने तो घरी द्यायचा असतो. पहिल्या आठवड्यात अक्षरांच्या आधी हेच शिकवलं गेलं: घरी गेलं की दप्तर उघडायचं, फाइल काढायची, आईबाबांच्या हातात द्यायची, सकाळी पट्टी बाईंच्या टेबलावरच्या खोक्यात टाकायची. सुरुवातीला मला हा निव्वळ मागासलेपणा वाटला. एक ईमेल टाकायला काय होतं? पण दिवाळीच्या सुमारास लेक संध्याकाळी स्वतःहून म्हणायला लागली, "आई, तुझी सही राहिली आहे," तेव्हा त्यामागचा डाव लक्षात आला. शाळा पोरीची आहे, निरोपही तिचाच. आपण नुसते सहीचे धनी.

आता तिकडचं बघा. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात पहिलीत आहे. रात्री साडेनऊला ग्रुपवर येतं, "उद्या सर्वांनी हिरवा पोशाख व एक पालेभाजी." मग बहीण सोसायटीभर हिरवा टीशर्ट शोधत फिरते. जुलैत पाऊस वाढला की जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी आदल्या संध्याकाळी जाहीर होते, त्याला अर्थात कुणाचा इलाज नाही. इथे सुट्ट्यांचं प्रकरण दुसऱ्या टोकाला. शिक्षण हा राज्यांचा विषय, सोळा राज्यांची सोळा वेळापत्रकं. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये म्हणून राज्यांचे शिक्षणमंत्री मिळून उन्हाळी सुट्टीच्या तारखा ठरवतात आणि २०३० पर्यंतच्या तारखा कधीच ठरून गेल्या आहेत. भारताचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून मुलाला चार दिवस आधी काढणं हा इथे नियमभंग. २०१८ मध्ये बव्हेरियातल्या मेमिंगेनच्या विमानतळावर सुट्टीआधीच निघालेल्या कुटुंबांना पोलिसांनी गाठलं होतं, तो किस्सा इथले भारतीय एकमेकांना अजून सांगतात, बहुधा तिकीट काढायच्या आदल्या दिवशी.

वर्गात काय प्रकल्प चाललाय हे मात्र कागदावर सरळ लिहिलेलं नसतं, ते मागवलेल्या वस्तूंवरून ओळखायचं. सप्टेंबरअखेर चिठ्ठी आली: बागेतली चेस्टनटची फळं आणि निरनिराळ्या आकारांची पानं. मग सफरचंदं. मग ऑक्टोबरात आलेली चिठ्ठी मी दोनदा वाचली: गोल चीजची रिकामी डबी, पुठ्ठ्याची, झाकणासकट. मुदत दोन आठवडे. एवढंच. का, कशाला, काही नाही. इथल्या आयांना सांगायची गरजच नसते, त्यांनी लहानपणी स्वतः केलेलं असतं. शेजारच्या आजींनी उलगडा केला. ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनचा दिवस. आपला झगा तलवारीने अर्धा कापून थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला देणारा तो संत. त्या सुमारास मुलं संध्याकाळी अंधारात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. कंदिलाचं बूड आणि वरची कड त्या चीजच्या डबीची.

डबीसाठी कामंबेर नावाचं चीज आणलं. फ्रीज उघडला की घरभर वास. नवऱ्याने पोळीत गुंडाळून संपवायचा प्रयत्न केला, निम्म्यात हात टेकले. उरलेलं कुणाच्या पोटात गेलं ते विचारू नका, पण डबी वेळेत शाळेत पोचली.

त्यानंतरचा कागद मिरवणुकीचा. तो मी जपून ठेवलाय, कारण एवढा सविस्तर कागद मी लग्नाच्या कार्यालयाचाही पाहिला नव्हता. संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या अंगणात. पाऊस असला तरी. मेणबत्ती नको, बॅटरीवरचा दिवा. काठीवर मुलाचं नाव. गरम पेयासाठी कप घरून आणावा, कागदी कप मिळणार नाहीत. कोण केक आणणार, कोण ब्रेड, त्यासाठी चौकोन. आणि शेवटी जाड अक्षरात: मिरवणुकीत इतर मुलांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकू नयेत.

माझ्या आईचं आणि या शाळेचं वाकडं झालं ते इथे. गॅदरिंगचा फोटो नाही, पहिल्या दिवसाचा वर्गाचा फोटो नाही, हे तिच्या पचनीच पडत नाही. पहिल्या दिवशीचे आमचे आम्ही काढलेले फोटो आहेत. जवळजवळ स्वतःच्या उंचीचा रंगीत पुठ्ठ्याचा शंकू हातात धरून लेक उभी आहे. तो शंकू खाऊ आणि पेन्सिलींनी भरून द्यायची चाल १९व्या शतकात साक्सनी-थुरिंगियाकडे सुरू झाली आणि आता देशभर आहे. पण त्या फोटोत ती एकटी. शेजारचं मूल चौकटीत आलं तर तो फोटो कुठे टाकायला त्याच्या आईची परवानगी हवी. शाळेने तर पहिल्याच महिन्यात संमतीचा दोन पानी कागद पाठवला: शाळेच्या भिंतीवर फोटो चालेल का, वार्षिकात चालेल का, गावच्या वर्तमानपत्रात चालेल का, संकेतस्थळावर चालेल का. प्रत्येकाला वेगळा चौकोन.

लोक म्हणतात हा २०१८ च्या युरोपीय डेटा कायद्याचा परिणाम. तो आहेच, पण मुळं जुनी आहेत. ३० जुलै १८९८ ला जर्मनीचा पहिला चॅन्सेलर बिस्मार्क वारला, त्या रात्री हांबुर्गचे दोन छायाचित्रकार चोरून त्याच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. घरच्यांनी कोर्टात धाव घेतली, मोठा गहजब झाला, आणि १९०७ च्या कायद्यात स्वतःच्या छबीवर माणसाचा स्वतःचा हक्क असल्याचं लिहिलं गेलं. ते कलम आजही लागू आहे. आईला सांगितलं, बिस्मार्कमुळे तुला नातीच्या मिरवणुकीचा फोटो मिळत नाही. ती म्हणाली, "तो मेला ना? मग आता काय अडचण आहे?"

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप इथेही आहे, फक्त पालकांचा. बाई त्यात नाहीत आणि येणारही नाहीत. या राज्यात शिक्षकांनी शाळेच्या कामाला व्हॉट्सअ‍ॅप वापरायचं नाही. त्यामुळे ग्रुपवर ‘नमस्कार मॅडम, आज काय गृहपाठ?’ हा प्रकार नाही. हरवलेली टोपी, डब्याची झाकणं, वाढदिवसाला काय द्यायचं, आणि वर्षातून एकदा हमखास उवा. उवांचा कागद मात्र अधिकृत. वर्गात उवा आढळल्या आहेत, एवढंच लिहिलेलं असतं, कुणाच्या डोक्यात ते नाही. संसर्गाच्या कायद्यानुसार पालकांनी शाळेला कळवणं बंधनकारक, पण नाव फुटत नाही. खाली पट्टी: ‘मी माझ्या मुलाचं डोकं तपासलं आहे’, तारीख, सही. ग्रुपवर त्या दिवशी कमालीची शांतता होती. आपल्याकडे दहा मिनिटांत नाव, गल्ली आणि कुणापासून लागल्या तो इतिहास निघाला असता.

पालकसभा सप्टेंबरातच झाली. संध्याकाळी साडेसात, मुलांना आणायचं नाही, मुलांच्याच खुर्च्यांवर बसायचं. सहा फुटी बाप गुडघे हनुवटीला लावून दोन तास बसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाईंनी वर्षाचा आराखडा सांगितला, मग प्रतिनिधीची निवडणूक. कायद्याने ती शाळा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत व्हावी लागते आणि अशी सभा प्रत्येक सहामाहीत निदान एकदा. आपल्या शिक्षणहक्क कायद्यातही शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं लिहिलंय, पण सांगलीत माझ्या ओळखीत त्या समितीवर कोण आहे हे शोधून सापडणार नाही. इथे निवडणूक म्हणजे सगळ्यांनी टेबलाकडे बघत बसणं. शेवटी एक इंजिनियर बाप हात वर करतो आणि बाकीचे मनापासून टाळ्या वाजवतात.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे वर्गाचा कोल्हा. कापडी, एक कान जरा सैल. दर शुक्रवारी तो एका मुलाच्या घरी पाहुणा जातो, पिशवीत त्याची वही. सोमवारी परत येताना त्या वहीत त्याने काय केलं ते लिहायचं, चित्र काढायचं. लिहितात अर्थात आया. पहिलीतली पोरं नाव आणि फार तर एखादा शब्द. आमच्याकडे आला तेव्हा मी आधीची पानं वाचून काढली, आणि वर्गाबद्दल जेवढं मला त्या वहीने सांगितलं तेवढं कोणत्याच कागदाने नाही. एका घरी कोल्हा श्वेबिशे आल्बच्या डोंगरात फिरायला गेला. एकीकडे आजीच्या दवाखान्यात. एका पानावर फक्त दोन ओळी: शनिवारी बाबांकडे होतो, रविवारी आईकडे. एका घरी युक्रेनियन अक्षरांत अर्धं पान आणि खाली पोराने काढलेली पिवळीनिळी आगगाडी. आमच्या पानावर पुरणपोळी आली. पुरण वाटताना कोल्ह्याच्या शेपटीला लागलं, ते धुवायला लागलं, आणि तेही लेकीच्या आग्रहाखातर लिहावं लागलं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "हे काय, खरकट्या हाताने खेळणं?" मग तिनेच त्याला पुरणाचा घास दाखवायला लावला.

सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. ही पद्धत धरून चालते की दुपारी बाराच्या सुमारास घरी कुणीतरी आहे, त्याला सरकारी वळणाचं जर्मन वाचता येतं, आणि उद्याच्या केकसाठी त्याच्याकडे वेळ आहे. वर्गातली एक सीरियन आई प्रत्येक कागदाचा फोटो काढून मोठ्या मुलाला पाठवते, तो चौथीत आहे, तो मधल्या सुट्टीत तिला समजावतो. मी फोनचा कॅमेरा कागदावर धरून भाषांतर वाचते, नवऱ्याला ऑफिसातून वेळ नाही. पूर्ण दिवस देखभालीचा कायदेशीर हक्क २०२६-२७ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना आहे. आमची लेक त्याआधीची. म्हणून बारापर्यंत घरी पोचता येईल अशी अर्धवेळ नोकरी मी शोधली, आणि ते कोणत्याही कागदात छापलेलं नव्हतं.

आणि अभ्यासाचं? तिथे अक्षरशः मौन. पहिलीत गुण नाहीत, क्रमांक नाही, चाचणीच्या पेपरावर लाल शेरा नाही. फेब्रुवारीत एकदा बोलावलं, बाईंपुढे आम्ही दोघं आणि मध्ये लेक. बाईंनी आधी तिलाच विचारलं, तुला काय जमतं असं वाटतं? तिने आधीच भरलेला एक कागद पुढे केला. ‘मी इतरांचं ऐकून घेते’, ‘मी माझं दप्तर नीट ठेवते’, ‘मला वीसपर्यंत बेरीज येते’, अशी वाक्यं, प्रत्येकापुढे हसरा, साधा किंवा हिरमुसला चेहरा, तिने स्वतः रंगवलेला. बाईंनी शेजारच्या रकान्यात त्यांचे चेहरे काढले होते. बेरजेला तिने स्वतःला साधा चेहरा दिला होता, बाईंनी हसरा. दप्तराच्या बाबतीत नेमकं उलट.

तो कागद मी बाबांना पाठवला. बाबा हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: हसऱ्याला दहा, साध्याला सहा, हिरमुसल्याला दोन असे धरून बेरीज केली आहे, बाईंच्या रकान्याप्रमाणे साडेब्याऐंशी टक्के पडतात. लेखनाकडे लक्ष द्यावे. वर्गात नंबर कितवा ते कळवणे.