'गोधडी' नावाचा होस्टा

"नाव तूच सुचव," मालक म्हणाले, तेव्हा त्या रोपाचे मी नुकतेच दोन भाग केले होते.

मिनेसोटातली आमची नर्सरी. होस्टा म्हणजे पानांच्या शोभेसाठी लावतात ते रोप. त्यातल्या 'सम अँड सब्स्टन्स' या वाणाच्या रांगेत एक कुंडी वेगळी निघाली. या होस्टाचं पान परातीएवढं, पिवळसर, एकरंगी. हिच्या पानांवर मात्र शिरांलगत निळसर हिरवी ठिगळं. मालक हरखले. रोपानं आपणहून रूप पालटलं की त्याला 'स्पोर्ट' म्हणतात, आणि आमच्या धंद्यात तेच घबाड. फ्रान्सिस विल्यम्स यांना 1936 मध्ये कनेक्टिकटच्या एका नर्सरीत पिवळ्या काठाचं असंच रोप सापडलं. पुढे ऑक्सफर्डच्या जॉर्ज रॉबिन्सन यांनी त्याला विल्यम्स यांचंच नाव दिलं.

मी म्हटलं, 'गोधडी'. मालकांच्या तोंडी त्याचं 'गोडाडी' झालं. नियमात बसत होतं. 1959 पासून नव्या वाणाला लॅटिन नाव चालत नाही, मराठीला कुणाची ना नाही! मी खुशीत उरलेल्या रांगेतली रोपंही तशीच फोडायला, म्हणजे त्यांचे भाग करायला घेतली.

दुपारी ते पान उन्हात धरलं आणि चरकले. टीपकागदावर शाई फुटावी तसा हिरवा रंग शिरांपासून पसरला होता. खरं व्हेरिगेशन, म्हणजे पानाचा दोनरंगीपणा, पानाच्या पेशींच्या थरांतून येतं. काठ पांढरा, मध्य हिरवा, असं बहुधा नीट आखलेलं. इथे बोट फिरवलं तर हिरवा भाग सुरकुतलेला लागत होता. चाचणीची पट्टी काढली, पानाचा तुकडा द्रावात चुरडला. दोन रेघा, म्हणजे लागण. होस्टा व्हायरस एक्स.

1996 मध्ये तो ओळखला गेला तोही इथल्याच मिनेसोटा विद्यापीठात. औषध नाही. 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग', 'लूनसी' अशी झोकदार नावं लावून ही आजारी रोपं नवे वाण म्हणून विकलीही गेली आहेत. त्यांच्या पंगतीला माझी गोधडी बसणार होती.

मालकांनी एवढंच विचारलं, "मधे सुरी धुतली होतीस?"

नव्हती. एरवी प्रत्येक रोपानंतर धुते, त्या दिवशी नावाच्या नादात राहिलं. हा विषाणू रसातून पसरतो. सुरी पुरते, हातही पुरतात. त्या सुरीनं पुढे बावीस रोपं फोडली होती.

गोधडीचे दोन्ही भाग मुळांसकट पिशवीत बांधून कचऱ्यात गेले. बावीस कुंड्या मागच्या कोपऱ्यात, लाल फीत लावून. लगेच तपासून उपयोग नाही, लागण दिसायला वर्षसुद्धा जातं. पुढच्या मेमध्ये कोंब उलगडले की एकेक पान चुरडायचं.