कीतोतले पहिले दिवस आणि निखिलचं एक्सेल

शुक्रवार, रात्र

फार लिहिणार नाहीये, डोकं जड झालंय. मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम, तिथून कीतो, म्हणजे इक्वेडोरची राजधानी, आणि एअरपोर्ट शहरापासून इतका लांब की टॅक्सीत मी दोनदा झोपून उठले तरी आपण दरीतच. एअरपोर्ट खाली, शहर वर. २८५० मीटरवर! आपला कळसूबाई १६४६, त्याच्या टोकावर जाऊन आपण ग्रुपवर फोटो टाकतो, इथं त्याच्यापेक्षा बाराशे मीटर वर लोक भाजी आणायला निघालेत.

हॉस्टेल सान ब्लासमध्ये, जुन्या शहराच्या कडेला. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाठीवरची सॅक घेऊन पहिला जिना चढले आणि भिंत धरून उभी राहिले, नवरा, निखिल, पुढे दणादण गेला, वरून विचारतोय "काय झालं?" काही नाही, श्वास घेतेय. जा तू.

शनिवार

आज उलटं झालं. मी सकाळी टुणटुणीत आणि निखिल आडवा. रात्रभर डोकं ठणकत होतं म्हणे, पहाटे उलटी झाली. हा माणूस दर रविवारी सिंहगड चढतो, सायकल मारतो, मी ऑफिस आणि घर. पण उंचीला फिटनेसचं काही देणंघेणं नसतं, कुणाला लागेल सांगता येत नाही. इथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ७०-७२ टक्केच, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी मिळतो, शरीराला जमवून घ्यायला वेळ लागतो. हे त्याला माहीत होतं, त्यानंच मला विमानात समजावलं होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मोरीत बसणं वेगळं.

हॉस्टेलच्या सेन्योरा साठीच्या पुढच्या असतील. त्यांनी निखिलकडे एकदा बघितलं आणि न विचारता लाल रंगाचा कसला तरी पाल्याचा चहा आणून दिला, ओर्चाता म्हणतात, दक्षिणेकडच्या लोहा प्रांतातला, त्यात बऱ्याच वनस्पती असतात. वर हातवारे करून सांगितलं की आज जास्त जेवायचं नाही, दारू नाही, सावकाश चालायचं. मी गुगल ट्रान्सलेट काढायच्या आधीच कळलं.

निखिलचं एक्सेल सांगायचं राहिलं. तासागणिक. शनिवार: सान फ्रान्सिस्को चौक, ला कोम्पान्यिया चर्च, पानेसियो टेकडी, ला रोंदा गल्ली. सगळ्या ओळी हिरव्या व्हायच्या होत्या. एकही झाली नाही. तो झोपला आणि मी एकटीच खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पाणी आणि केळी घेऊन आले. खरं सांगू का, मला ते जाम आवडलं. दुकानदारीण 'वेसी' म्हणाली, म्हणजे शेजारीण. आल्या आल्या शेजारीण!

पैशांची गंमत. इथं अमेरिकन डॉलरच चालतो, २००० सालापासून. त्यांचं स्वतःचं चलन सुक्रे इतकं घसरलं होतं की शेवटी एका डॉलरला २५,००० सुक्रे या भावानं बदलून टाकलं. आपण वीसची नोट काढली की समोरचा आपण जमिनीचा सातबारा दिल्यासारखा बघतो. सुट्टे नाहीत! सगळीकडे सुट्टे नाहीत, अगदी पुण्याच्या रिक्षात बसल्यासारखं वाटतं. आणि जे सुट्टे मिळतात त्यात एक डॉलरची सोनेरी नाणी, पाठीवर बाळ घेतलेल्या बाईचं चित्र असलेली, अमेरिकेत राहणारी माझी मावसबहीण म्हणते तिला तिकडे ती फारशी दिसतच नाहीत. सगळी इकडे आलीत वाटतं.

रविवार

निखिल उठला! थोडा पिवळट, पण उठला. रविवारी इथं एक लांबलचक रस्ता सकाळपासून दुपारपर्यंत गाड्यांना बंद करतात आणि सगळं गाव सायकलवर, त्याचे डोळे चमकले, मी फक्त बघितलं त्याच्याकडे, मग तो म्हणाला ठीक आहे चालू या.

जुनं शहर म्हणजे चढ-उतारच. गल्ली सरळ दिसते, पण ती सरळ वर जाते. जागतिक वारशाच्या यादीत १९७८ साली जी अगदी पहिली ठिकाणं घेतली त्यात हे शहर आहे. पण ते नुसतं बघायला ठेवलेलं नाहीये, पांढऱ्या भिंती आणि निळ्या बाल्कन्यांच्या खाली मोबाईल कव्हरं, चड्डी-बनियन, फोटोकॉपी, लॉटरीवाले, सगळं आपल्या लक्ष्मी रोडसारखं चालू. ला कोम्पान्यियामध्ये गेलो. १६०५ मध्ये बांधायला घेतलं, पूर्ण व्हायला १६० वर्षं लागली, आणि आत सोन्याचा वर्ख कुठं नाहीये ते शोधावं लागतं. मला दहा मिनिटांत पुरे झालं. निखिल मान वर करून उभा, मग चक्कर आली म्हणून बाकावर बसला, त्यामुळे माझंही अर्धा तास सोनं बघून झालं.

जेवण. इथं दुपारी आल्मुएर्सो म्हणजे आपली राईस प्लेट, तीनेक डॉलरमध्ये सूप, मग भात आणि काहीतरी, वर फळाचा ज्यूस. मी शाकाहारी आहे हे सांगायला वाक्य पाठ करून आले होते, बाई म्हणाली हो हो, मांस नाही, चिकन देते. मग पुन्हा. शेवटी लोक्रो आलं, बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि अव्होकाडोच्या फोडी, आणि शेजारी वाटीत पॉपकॉर्न. पॉपकॉर्न सूपमध्ये टाकून खातात! मी आधी हसले आणि मग दुसरी वाटी मागितली. ज्या डोंगरांनी जगाला बटाटा दिला तिथल्या लोकांना त्याचं काय करायचं ते कळणारच. भाताबरोबर मसूराची मेनेस्त्रा होती, म्हणजे आमटीच हो, जरा घट्ट. निखिलनं त्यावर टेबलावरची आही ओतली, मिरचीची चटणी, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा घामाघूम होऊन जेवला.

दुपारी तीनला पाऊस. सकाळी ऊन एवढं कडक की ढगाळ असूनही माझं नाक भाजलं (विषुववृत्त अगदी जवळ, त्यात उंची, सनस्क्रीनशिवाय बाहेर पडायचंच नाही), आणि तीनला गारठा, स्वेटर. सव्वासहाला अंधार, आणि इथं वर्षभर हेच, जून नाही डिसेंबर नाही. सेन्योरांचा नियम, अंधारानंतर टॅक्सी, आणि गर्दीत सॅक पाठीवर नाही, पोटावर. आम्ही दोघं पोटावर सॅक घेऊन फिरतोय, आठव्या महिन्यात असल्यासारखे.

सोमवार

आज जे झालं ते आईला फोनवर सांगितलं. इथं रात्रीचे आठ म्हणजे घरी सकाळचे साडेसहा, ती चहा टाकत होती.

सान फ्रान्सिस्को मार्केटमध्ये पालेभाजीवाल्यांच्या पुढे एक रांग आहे औषधी पाल्याच्या गाळ्यांची, आणि त्या बायका तिथंच 'लिंपिया' करतात. माणसाला लागलेली वाईट हवा, भीती, नजर, असं सगळं झाडून काढायचं. निखिल आय.टी.तला, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या की घरी डोळे फिरवणारा. तोच म्हणाला करून बघू. पडद्याआड शर्ट काढून उभा केला आणि बाईनं खाजरी पानांची जुडी घेऊन जी झोडायला सुरुवात केली, पाठ, छाती, दंड, तो "आ आ" करतोय, मी बाहेर हसून हसून बेजार. अंगावर लाल चट्टे. मग वासाचा पाला चोळला, मग गुलाबाच्या पाकळ्या, काहीतरी पुटपुटत होती पूर्ण वेळ. बाहेर आला तेव्हा सगळं अंग चुरचुरतंय पण डोकं एकदम हलकं म्हणे. आई म्हणाली, "बघ, मी काढते तेव्हा नाही म्हणतो, परक्या बाईकडून पैसे देऊन मार खाल्ला."

डोकं हलकं झालं ते तिसरा दिवस म्हणून असेल. मी त्याला हे बोलले नाही.

मग बासिलिका देल वोतो नासिओनाल. मोठं गॉथिक चर्च, पण बाहेर पन्हाळ्यांच्या जागी राक्षसांऐवजी इथलीच जनावरं कोरलीत, इग्वाना, कासवं, आर्माडिलो, मला ही कल्पना भारीच आवडली, आपल्या घराला आपलेच प्राणी. अजून पूर्ण झालेलं नाही म्हणतात, आणि पूर्ण झालं की जग बुडेल अशी समजूत, त्यामुळे कुणाला घाई नाही. मनोऱ्यात चढता येतं. आधी जिना, मग छताच्या आतून, चर्चच्या घुमटाकार छताच्या वरून, लाकडी फळ्यांचा पूल, दोन्ही बाजूंना दोर, आणि मग जवळजवळ उभ्या लोखंडी शिड्या, चक्क बाहेरच्या बाजूला. निखिल फळ्यांपाशी थांबला. "तू जा." तो कधी असं म्हणत नाही, ट्रेकला तो पुढे आणि मी त्याच्या बुटांच्या टाचा बघत मागे, लग्नाआधीपासून हेच. मी गेले. पाय लटपटत होते आणि दर चार पायऱ्यांना दम घेत होते, पण वर गेल्यावर अख्खं शहर, लांब चिंचोळं, दोन्ही बाजूंना डोंगर, समोर पानेसियोवरची पंखवाली अ‍ॅल्युमिनियमची मेरी. फोटो काढला एक. खाली आले तर निखिल फळ्यांच्या अलीकडे बसून एका कोलंबियन पोरीला एक्सेल दाखवत होता.

मंगळवार

मेट्रोत बसलो, ४५ सेंट, चकाचक. दोन स्टेशनं जाऊन परत आलो, उगाचच.

संध्याकाळी खिचडी. घरून मुगाची डाळ आणि मेतकूट आणलंय. हॉस्टेलच्या किचनमध्ये पातेल्यात पाऊण तास शिजतेय शिजतेय, पाणी खळखळ उकळतंय पण डाळ टणक. या उंचीला पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, कितीही गॅस वाढवा. सेन्योरांनी येऊन झाकण उघडलं, मान हलवली, आणि कपाटातून प्रेशर कुकर काढला. इथं कडधान्य शिजवायचं तर त्याला पर्याय नाही. तीन शिट्ट्या माझ्या हिशोबानं, त्यांच्या हिशोबानं अजून, त्यांचंच बरोबर होतं. त्यांनाही वाढली. चव घेतली, मग वरून आही, अव्होकाडो आणि मूठभर पॉपकॉर्न टाकून सगळी संपवली.

उद्या केबल कार, चार हजार मीटरच्या आसपास. सेन्योरा म्हणाल्या आता चालेल, पण सकाळीच जा, नंतर ढग येतात. निखिलनं साडेसहाचा अलार्म लावलाय. मी सातचा.