सॅम फिलिप्सनं एल्व्हिसला स्वस्तात विकलं का?

रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या दिवसांचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचा मालक सॅम फिलिप्स यानं नोव्हेंबर 1955मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचा करार आरसीए व्हिक्टरला अवघ्या 35,000 डॉलरला देऊन टाकला, तो वेडा होता का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: सौदा शहाणपणाचा होता. पण तो पटायला गाणी बाजूला ठेवून उधारीची वही उघडावी लागते.

आरसीए, कोलंबिया, डेका, कॅपिटॉल या बड्या कंपन्या. रेकॉर्ड दाबायचे कारखाने त्यांचे, माल पोचवणारी यंत्रणाही त्यांच्या हातातली. शिकागोची चेस, न्यूयॉर्कची अटलांटिक, लॉस एंजेलिसच्या स्पेशालिटी आणि इम्पीरियल ही छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्या. त्यांच्याकडे गायक होते, कान होते, पण कारखाना बहुतेकदा दुसऱ्याचा. सिनसिनाटीची किंग हा अपवाद. तिथे ध्वनिमुद्रणापासून वेष्टनं छापण्यापर्यंत सगळं एकाच आवारात चालायचं.

छोट्या लेबलाचा माल असा निघायचा. टेपवरून लॅकरच्या तबकडीवर खोबण कोरायची, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढायचा, त्यातून दाबयंत्राचे स्टँपर, म्हणजे रेकॉर्ड दाबायचे ठसे, बनवायचे. स्टँपर झिजतात, म्हणून गाणं चाललं की नवे लागतात. कारखान्याची थोडीफार उधारी मिळे, पण ती लवकर फेडावी लागे. माल मात्र जायचा स्वतंत्र वितरकांकडे आणि वितरक पैसे देणार काही महिन्यांनी. शिवाय न खपलेल्या प्रती परत. शिवाय ‘फुकट माल’: हजार प्रतींच्या मागणीवर तीनशे वर द्यायच्या, असले सौदे सर्रास चालत.

खरी मेख पुढे आहे. एक वितरक अनेक लेबलांचा माल ठेवायचा. सगळ्यांचे पैसे थकलेले असताना तो आधी कुणाचे चुकते करणार? ज्याचं पुढचं गाणं त्याला हवंय, त्याचे. म्हणजे मागच्या हिटची वसुली पुढच्या हिटवर अवलंबून. गाणं पडलं तर नुकसान हजार-दोन हजार प्रतींचं. गाणं तुफान चाललं आणि पाठोपाठ दुसरं आलं नाही, तर लेबल गाळात.

त्यात ठरलेली देणी वेगळी. अमेरिकेच्या 1909च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार दर प्रतीमागे दर गाण्याला 2 सेंट प्रकाशकाला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. दोन बाजू धरल्या तर एक लाख प्रतींना 4,000 डॉलर, आणि गायकाचं मानधन निराळं. सनची अवस्था किती तंग होती याचा पुरावा करारातच आहे: 35,000 खेरीज आरसीएनं आणखी 5,000 डॉलर मोजले, कारण तेवढं मानधन सनकडून एल्व्हिसला येणं बाकी होतं. वर 1953च्या ‘बेअर कॅट’ या रेकॉर्डवरून स्वामित्वहक्काचा खटला फिलिप्स हरला होता. आणि एल्व्हिसच्या सनवरच्या पाच रेकॉर्डपैकी एकही तोवर देशपातळीवरच्या पॉप चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत, चढली नव्हती! कंट्री संगीताच्या यादीत नाव होतं, बस्स.

पॉप चार्टवर चढणं छोट्यांना अवघड का, याचं एक उत्तर त्याच 2 सेंटांत आहे. गाणं एकदा परवानगीनं रेकॉर्ड झालं की ते पैसे भरून कुणीही पुन्हा गाऊ शकत असे. चाल-शब्दांना संरक्षण होतं. वाद्यमेळाच्या रचनेला, गाण्याच्या ढंगाला नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा. अटलांटिकच्या लाव्हर्न बेकरचं ‘ट्विडल डी’ मर्क्युरी या बड्या कंपनीनं जॉर्जिया गिब्जकडून जवळपास जसंच्या तसं गाऊन घेतलं. बेकर चौदाव्या क्रमांकावर थांबली, गिब्ज दुसऱ्यावर गेली. चिडलेल्या बेकरनं अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधीकडे कायद्याची मागणी केली, हाती काही लागलं नाही. फॅट्स डॉमिनोच्या ‘एन्ट दॅट अ शेम’चंही तेच: इम्पीरियलची मूळ रेकॉर्ड दहावी, डॉटवरची पॅट बूनची पहिली. नक्कल करणारा दर वेळी बडा नसायचा, डॉट हेही टेनेसीतलं स्वतंत्र लेबल. बेकर आणि डॉमिनो कृष्णवर्णीय, गिब्ज आणि बून गोरे. गोऱ्या गायकाला रेडिओची दारं उघडी होती, हा फरक मोठा.

‘चार्ट’ म्हणजे तरी काय? 1955मध्ये बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या वेगवेगळ्या याद्या होत्या: दुकानातली विक्री, रेडिओवरचं वादन, ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र). ‘हॉट 100’ ही एकत्रित यादी ऑगस्ट 1958मध्ये आली. कुठेही प्रत्यक्ष मोजणी नव्हती. निवडक दुकानदार आणि रेडिओचे निवेदक कळवतील ते खरं. त्यामुळे ज्यांचा अहवाल जातो तिथेच फुकट रेकॉर्ड पोचत आणि निवेदकाच्या हाती पाकीट. चेसनं चक बेरीच्या ‘मेबेलीन’वर निवेदक अ‍ॅलन फ्रीडचं नाव सहगीतकार म्हणून छापलं. मला हा लाचेतला सर्वांत चलाख प्रकार वाटतो, कारण लेबलच्या खिशातून काहीच गेलं नाही, गेलं ते बेरीच्या वाट्यातून. त्याला पूर्ण हक्क परत मिळायला 1986 उजाडलं.

आता फिलिप्सच्या 35,000कडे पुन्हा बघा. ती रोकड होती. वितरकाचा वायदा नव्हता. 1956च्या आरंभी त्यानं कार्ल पर्किन्सचं ‘ब्लू स्वेड शूज’ बाजारात आणलं आणि या वेळी मागणी उसळली तेव्हा माल दाबायला पैसे होते. ते सनचं पहिलं दहा लाख खपाचं गाणं ठरलं. एल्व्हिसनं तेच गाणं आरसीएसाठी गायलं तेव्हा प्रकाशनाचे सेंट फिलिप्सच्या हाय-लो म्युझिक या प्रकाशन कंपनीकडेही आले. मागोमाग जॉनी कॅश, 1957मध्ये जेरी ली लुईस. एका हिटमागे दुसरी हिट लागते, ती त्याला मिळत गेली.

उलट उदाहरण शिकागोच्या व्ही-जेचं. फोर सीझन्स हा गायकवृंद त्यांच्याकडे, अमेरिकेतले बीटल्सचे सुरुवातीचे रेकॉर्ड त्यांच्याकडे, 1964च्या सुरुवातीला मागणी पुरवता पुरवता कारखाने थकले. 1966मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सन फिलिप्सनं 1969मध्ये विकली, स्वतःच्या मर्जीनं.