पाच ग्रॅम तांबं

नाशिकच्या भांडी बाजारात तांबं वजनावर विकलं जातं. गोदेचं पाणी घरी न्यायला कुणी गडू घेतं, काट्यावर ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब होतो. मी मात्र तांबं विकत घेतो ते त्यातलं बरंचसं विरघळवून टाकायला.

घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड, करायला जो कोरा बोर्ड लागतो, त्यावरचं तांबं म्हणजे जेमतेम ३५ मायक्रॉनचा पापुद्रा. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या बोर्डावर सगळं मिळून पाच ग्रॅमही भरत नाही. तरी बडदास्त केवढी! पीतांबरीने लख्ख घासायचं, धुऊन कोरडं करायचं आणि मग बोटसुद्धा लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे टोनर धरत नाही.

सर्किट लेझर प्रिंटरवर, गुळगुळीत कागदावर, उलटं छापायचं. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची पूड. गरम झाली की तांब्याला चिकटते. त्यासाठी इस्त्री लागते आणि इस्त्री आईची असते. "स्वतःच्या शर्टावर कधी एवढा जीव लावलास का रे?" हे ऐकून घ्यायचं, दाबत राहायचं. मग कागद पाण्यात भिजवून अंगठ्याने चोळून काढायचा.

खरी मजा पुढे. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराईडचं द्रावण, कडक चहाच्या रंगाचं. ते उघडं तांबं विरघळवतं, टोनरखालचं तेवढं वाचतं. कोमट असलं तर काम लवकर होतं. ना बुडबुडे, ना धूर. द्रावणातलं लोह गुपचूप तांब्याचे इलेक्ट्रॉन काढून घेत असतं. ट्रे हलवत राहायचा. आधी चकाकी जाते, गुलाबी मळकट रंग येतो. मग कडेने फिकट हिरवट फायबर दिसू लागतं, मधे तांब्याची बेटं उरतात, तीही आक्रसत जातात. इथे घाई नको आणि आळसही नको. फार वेळ ठेवलं तर द्रावण टोनरखाली आडवं शिरतं आणि बारीक ट्रॅक, म्हणजे सर्किटच्या तांब्याच्या रेघा, कुरतडतं.

पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ केला, तोही छपाईच्याच तंत्राचा आधार घेऊन. आमच्या नाशिकरोडला तर १९२५ पासून सरकारी छापखाना आहे. टपाल तिकिटं तिथे, सर्किटं आमच्या बाल्कनीत!

हल्ली फाईल पाठवली की भोकं पाडलेला, हिरवा मुलामा दिलेला बोर्ड कुरियरने घरी येतो. दोन बाजूंचं किंवा बारीक पायांच्या चिपचं काम असेल तर मीही तेच करतो; ०.८ मिलिमीटरचं ड्रिल बिट मोडण्यात कसली आलीय हौस? पण रात्री आठला सुचलेलं सर्किट झोपायच्या आत चालवून बघायचं असेल, तर कुरियर काय कामाचा?

राहता राहिलं वापरलेलं द्रावण. फेरिक क्लोराईड एरवी पाणी शुद्ध करायलाही वापरतात. घात करतं ते त्यात उतरलेलं तांबं, माशांना ते विषच. म्हणून द्रावण पुन्हा पुन्हा वापरायचं. अगदीच थकलं की धुण्याचा सोडा घालून गाळ बसू द्यायचा आणि तो सिमेंटमध्ये कालवून ठोकळा करायचा. तोवर ते बाटलीत. बाटलीवर मी ठळक अक्षरांत नाव लिहिलंय. आईने त्याखाली आपली एक ओळ जोडलीय: 'मोरीत ओतू नये. मी बघतेय.'