ड्रायव्हरसमोर खूण आहे, पण बोर्डावर ड्रायव्हर नाही: यू-बूट कॉन्फिगर करण्याचा माझा अनुभव

नव्या बोर्डावर यू-बूटचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरचा) प्रॉम्प्ट दिसला की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. मग 'एसएफ प्रोब' करावं तर फ्लॅश ओळखला जात नाही, 'पिंग' करावं तर 'नो इथरनेट फाउंड' येतं. मेनूकॉन्फिग (बिल्डचे पर्याय निवडण्याचा मेनू) उघडून पाहावं तर ड्रायव्हरसमोर खूण व्यवस्थित आहे. इथून पुढे बहुतेक जण ड्रायव्हरचा सोर्स वाचायला बसतात. मी आता तसं करत नाही.

यू-बूटमध्ये 'ड्रायव्हर आहे' याचे वेगवेगळे अर्थ होतात. तो कंपाइल झालेला असतो, किंवा डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) नोडशी जुळून बाइंड झालेला असतो, किंवा प्रोब होऊन खरोखर हार्डवेअरशी बोललेला असतो. शिवाय हे सगळं कुठल्या टप्प्यात घडलं हा प्रश्न उरतोच: एसपीएलमध्ये (मुख्य यू-बूटच्या आधी चालणाऱ्या छोट्या टप्प्यात), रिलोकेशनच्या (यू-बूट स्वतःला रॅममध्ये हलवतं त्याच्या) आधी की नंतर? साखळी नेमकी कुठे तुटली हे कळल्याशिवाय सोर्सला हात लावण्यात अर्थ नाही. इथे धरलेला बोर्ड साधाच आहे: आर्म प्रोसेसर, १६ मेगाबाइट एसपीआय नॉर फ्लॅश, ईएमएमसी आणि गिगाबिट इथरनेट. सिम्बॉलच्या (बिल्डच्या पर्यायांच्या) नावांआधीचा 'कॉन्फिग_' सोयीसाठी गाळला आहे.

पहिली तपासणी कंपाइलची. डेफकॉन्फिग फाइलमध्ये (बोर्डासाठी ठरवलेल्या पर्यायांच्या यादीत) हाताने एक ओळ लिहिली म्हणजे तो सिम्बॉल चालू झाला, असं होत नाही. त्याची 'डिपेंड्स ऑन' अट पुरी होत नसेल तर केकॉन्फिग (हे पर्याय सांभाळणारी व्यवस्था) ती ओळ सोडून देतं आणि बिल्ड बिनबोभाट पूर्ण होतं. उदाहरण फ्लॅशचंच: डीएम_एसपीआय_फ्लॅश (डीएम म्हणजे ड्रायव्हर मॉडेल) हा सिम्बॉल डीएम_एसपीआय चालू असल्याशिवाय टिकत नाही. म्हणून डेफकॉन्फिग लावल्यावर मी तयार झालेल्या 'डॉट कॉन्फिग' फाइलमध्ये ग्रेप करतो आणि माझी ओळ तिथे आहे ना, एवढंच पाहतो. नसेल तर मेनूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून सिम्बॉलचं नाव शोधायचं. कुठली अट अडली आहे ते तिथे दिसतं. फ्लॅशच्या बाबतीत कंट्रोलरचा ड्रायव्हर, फ्लॅशचा गाभा आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा सिम्बॉल असे तिन्ही लागतात. विनबाँडची चिप असताना एसपीआय_फ्लॅश_विनबाँड विसरलं, तर आयडी नीट वाचला जातो आणि तरीही चिप 'अनरेकग्नाइज्ड' ठरते.

सगळं जुळल्यावर 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' करून निघालेली फाइल कॉन्फिग्ज फोल्डरमध्ये ठेवतो. अख्खी 'डॉट कॉन्फिग' तिथे टाकू नये. पुढच्या आवृत्तीत डीफॉल्ट बदलले की आपण ठरवून दिलेल्या किमती कोणत्या आणि आपोआप आलेल्या कोणत्या, हे त्यातून ओळखता येत नाही.

दुसरी तपासणी बाइंडची. त्यासाठी सीएमडी_डीएम चालू ठेवणं मी कुठल्याही नव्या बोर्डावर सक्तीचं मानतो. 'डीएम ट्री' दिल्यावर प्रत्येक डिव्हाइसचा वर्ग, क्रमांक, ड्रायव्हर आणि नोडचं नाव झाडासारखं दिसतं. प्रोब झालेल्या डिव्हाइससमोर कंसात अधिकचं चिन्ह असतं. इथे एक गैरसमज फार होतो: कंस रिकामा दिसला की ड्रायव्हर बिघडला असं समजतात. यू-बूट गरज पडेपर्यंत प्रोब करतच नाही. 'एसएफ प्रोब' दिला नाही तोवर फ्लॅशसमोरचा कंस रिकामाच राहणार. चिंता करायची ती डिव्हाइस झाडात मुळीच नसेल तर.

झाडात नसण्याची कारणं मोजकी. नोडचा स्टेटस 'डिसेबल्ड' राहिला, कंपॅटिबल (डिव्हाइस कुठलं ते सांगणारं नाव) जुळला नाही, किंवा वरची बस बाइंड झाली नाही. 'डीएम कंपॅट' या आज्ञेने बिल्डमधल्या ड्रायव्हरांना कुठकुठले कंपॅटिबल ओळखता येतात त्याची यादी मिळते. आता बोर्डावर खरोखर कुठला डिव्हाइस ट्री चालू आहे ते पाहायचं. 'एफडीटी अ‍ॅडर'ला एफडीटीकंट्रोलअ‍ॅडर या व्हेरिएबलमधला पत्ता द्यायचा आणि 'एफडीटी प्रिंट'ने नोड छापायचा. एडिटरमधली डीटीएस फाइल (डिव्हाइस ट्रीचा मजकूर) पाहून निष्कर्ष काढू नये, कारण ती आणि बोर्डावर पोचलेली डीटीबी (त्याचं बायनरी रूप) एकच असेल याची खात्री नसते. लिनक्समधून आणलेल्या डीटीएसमध्ये पुष्कळदा नवीन चिपचा कंपॅटिबल असतो आणि यू-बूटच्या ड्रायव्हरच्या यादीत तो नसतो. रजिस्टरांची मांडणी तीच आहे हे मॅन्युअलमधून पडताळून मगच त्या यादीत एक ओळ वाढवावी.

इथेच एक सापळा आहे. यू-बूटपुरते बदल मूळ डीटीएसमध्ये न घालता '-यू-बूट.डीटीएसआय' शेवट असलेल्या फाइलमध्ये ठेवतात, आणि बिल्ड ती आपोआप जोडतं. मात्र ते आधी बोर्डाच्या डीटीएसच्या नावाची फाइल शोधतं, मग एसओसीच्या (मुख्य चिपच्या) नावाची, मग पुढची, आणि जी पहिली सापडते तेवढी एकच घेतं. त्यामुळे बोर्डासाठी नवी फाइल बनवली की आतापर्यंत आपोआप येणारी एसओसीची फाइल गळून पडते. काल चालणारी कन्सोल आज गप्प होते. उपाय सोपा: आपल्या फाइलच्या सुरुवातीला एसओसीची फाइल स्वतः इन्क्लूड करायची.

प्रोबमधल्या अडचणी मला सर्वांत शिकवणाऱ्या वाटतात. डिव्हाइस प्रोब करताना यू-बूट आधी पालक डिव्हाइस प्रोब करतं, मग पॉवर डोमेन चालू करतं, पिनकंट्रोलची (कुठल्या पिनने काय काम करायचं त्याची) 'डीफॉल्ट' स्थिती लावतं, डिव्हाइस ट्रीत नेमून दिलेले क्लॉक बसवतं आणि शेवटी ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन बोलावतं. लिनक्ससारखं 'नंतर पुन्हा प्रयत्न करू' असं इथे नाही. मिळालेला एरर आकडा याच क्रमाशी ताडून पाहायचा. उणे ३८ आला तर बहुतेक वेळा क्लॉक, रीसेट किंवा रेग्युलेटर यांपैकी एखादा आधारच बिल्डमध्ये नसतो आणि त्याच्या जागी रिकामं फंक्शन उत्तर देत असतं. उणे ९६ म्हणजे त्या वर्गाचा यूक्लास ड्रायव्हर बिल्डमध्ये नाही. उणे १२ म्हणजे मेमरी संपली. उणे ११० म्हणजे हार्डवेअरने वेळेत उत्तर दिलं नाही.

पिनकंट्रोलचं मात्र वेगळं आहे. ती स्थिती लावता आली नाही तर यू-बूट फक्त डीबग पातळीवर नोंद करतं आणि पुढे जातं. प्रोब यशस्वी दिसतं, कंसात अधिकचं चिन्ह येतं आणि पिना मात्र जीपीआयओच (साध्या इनपुट-आउटपुट पिना) राहिलेल्या असतात. म्हणून 'प्रोब झाला, पण डेटा चुकीचा' असं दिसलं की मी पिनमक्स रजिस्टर (पिनचं काम निवडणारा) 'एमडी' आज्ञेने थेट वाचतो.

फ्लॅशवर हे स्वच्छ दिसतं. 'एसएफ प्रोब' केल्यावर आयडीचे तिन्ही बाइट एफएफ आले तर उत्तराची ओळ वरच अडकली आहे: चिप सिलेक्ट पोचत नाही, पिनमक्स लागलेला नाही किंवा चिपला वीज नाही. तिन्ही शून्य आले तर ओळ खाली ओढलेली आहे, किंवा कंट्रोलरचा क्लॉकच बंद आहे. बाइट दर वेळी वेगळे येत असतील तर वेग जास्त आहे. 'एसएफ प्रोब ०:०' पुढे १००००००० लिहिलं की १० मेगाहर्ट्झची मर्यादा लागते. त्या वेगाला नीट चाललं तर डिव्हाइस ट्रीतली कमाल फ्रीक्वेन्सी कमी करून ठेवावी आणि स्कोप लावून मगच वाढवावी. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू१२८ चिपकडून ईएफ ४० १८ हे बाइट अपेक्षित असतात. एन्व्हायर्नमेंट (यू-बूटचे साठवलेले व्हेरिएबल) याच फ्लॅशमध्ये ठेवायचं असेल तर पहिल्या बूटला दिसणारा 'बॅड सीआरसी' स्वाभाविक आहे, 'सेव्हएन्व्ह' केल्यावरही तो टिकला तर नाही. त्यासाठी एन्व्ह_सेक्ट_साइझ चिपच्या मिटवण्याच्या एककाशी जुळायला हवा, सहसा ६४ किलोबाइट. आणि एन्व्ह_ऑफसेट यू-बूटच्या इमेजच्या पलीकडे हवा, नाहीतर 'सेव्हएन्व्ह' बूटलोडरचाच तुकडा पुसून टाकेल.

इथरनेटला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. मी मॅककडे (इथरनेट कंट्रोलरकडे) न पाहता आधी पीएचवायशी (केबलवरचे सिग्नल हाताळणाऱ्या चिपशी) बोलणं होतंय का ते बघतो. 'एमडीआयओ लिस्ट' आणि 'एमआयआय इन्फो' या आज्ञा त्यासाठी पुरेशा आहेत. रजिस्टर २ आणि ३ मध्ये चिपचा आयडी असतो. तिथे एफएफएफएफ वाचलं गेलं तर समोर कोणी उत्तरच देत नाही: पत्ता चुकला आहे (स्ट्रॅप रेझिस्टर तपासावेत) किंवा चिप रीसेटमध्ये अडकली आहे. रीसेट जीपीआयओ पीएचवायच्या नोडमध्ये लिहिला असेल तर डीएम_ईथ_पीएचवाय चालू हवा, नाहीतर ती ओळ कोणी वाचणारच नाही. रीसेट सोडल्यानंतरचा विलंब मायक्रोसेकंदांत लिहितात. डेटाशीटमध्ये १० मिलिसेकंद असतील तर १०००० लिहायचे. हजाराने चुकणं सहज होतं.

पुढची चूक फार फसवी. चिपच्या कंपनीचा पीएचवाय ड्रायव्हर चालू केला नाही तरी यू-बूट सर्वसाधारण ड्रायव्हर वापरतं. लिंक लागते, वेग १००० दाखवला जातो, आणि 'पिंग' केल्यावर 'एआरपी रिट्राय काउंट एक्सीडेड' येतं. गिगाबिट आरजीएमआयआयचा (मॅक आणि पीएचवायमधल्या जोडणीचा) क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ असतो, दोन्ही कडांवर डेटा येतो, आणि डेटा नीट टिपायला क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद मागे सरकवावा लागतो. हा विलंब कुठला रजिस्टर लिहून लावायचा ते फक्त त्या चिपच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. डिव्हाइस ट्रीत पीएचवाय-मोड 'आरजीएमआयआय-आयडी' लिहिला तर दोन्ही दिशांचा विलंब पीएचवायने द्यायचा. नुसतं 'आरजीएमआयआय' म्हणजे तो बोर्डावरच्या ट्रेसमध्येच आहे. दोघांनी दिला किंवा कोणीच दिला नाही, तरी लक्षण तेच. खात्री करायला समोरचा स्विच १०० वर बांधून पाहतो. तिथे क्लॉक २५ मेगाहर्ट्झ असतो आणि चुकलेला विलंबही खपून जातो. १०० वर चाललं आणि १००० वर नाही, तर संशय विलंबावरच घ्यावा.

डिझाइनवेअरचा क्यूओएस मॅक असेल तर 'ईक्यूओएस_डीएमए_मोड_एसडब्ल्यूआर स्टक' हा संदेश भेटण्याची शक्यता बरीच आहे. मॅकचा सॉफ्टवेअर रीसेट पूर्ण व्हायला पीएचवायकडून येणारा आरएक्स क्लॉक लागतो. तो येत नसेल तर रीसेट लटकतो. मॅकचा ड्रायव्हर चाळण्यात वेळ घालवू नये, पीएचवायचा रीसेट आणि त्याचा क्रिस्टल पाहावा.

ईएमएमसीबद्दल थोडक्यात. 'कार्ड डिड नॉट रिस्पॉन्ड टू व्होल्टेज सिलेक्ट' आला की व्हीएमएमसी-सप्लायचा रेग्युलेटर तपासतो. तो जीपीआयओने चालू होणारा फिक्स्ड रेग्युलेटर असेल तर डीएम_रेग्युलेटर_फिक्स्ड लागतो. बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपला 'नॉन-रिमूव्हेबल' लिहायचं. कुठलं उपकरण ० आणि कुठलं १ हे डिव्हाइस ट्रीच्या एलियासेसमध्ये बांधून टाकायचं.

एसपीएल हे वेगळं प्रकरण आहे. मुख्य यू-बूटमध्ये चालू केलेला सिम्बॉल एसपीएलमध्ये आपोआप लागू होईलच असं नाही. बहुतेकांना 'एसपीएल_' लावलेला जोडीदार असतो आणि तो स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. खरंच काय आलं ते बिल्डमधल्या एसपीएल फोल्डरातल्या 'यू-बूट.सीएफजी' फाइलमध्ये दिसतं. नोडचंही तसंच. एसपीएलच्या डीटीबीमध्ये 'बूटपीएच-' ने सुरू होणारी खूण असलेलेच नोड उरतात. जुन्या सोर्समध्ये त्याच कामासाठी 'यू-बूट,डीएम-प्री-रीलोक' आणि 'यू-बूट,डीएम-एसपीएल' दिसतील. फ्लॅशच्या नोडला खूण लावली, पण एसपीआय कंट्रोलर, त्याचा पिनगट आणि क्लॉक कंट्रोलर राहिले, अशी चूक नेहमीची. भरीला ऑफ_एसपीएल_रिमूव्ह_प्रॉप्स आहेच. एसपीएल_पिनकंट्रोल बंद असेल तर त्याची डीफॉल्ट किंमत एसपीएलच्या डीटीबीमधून पिनकंट्रोलचे गुणधर्म काढून टाकते. म्हणून तयार झालेली 'यू-बूट-एसपीएल.डीटीबी' डीटीसीने (डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरने) पुन्हा मजकुरात उलटवून डोळ्यांनी वाचतो.

एसपीएल अक्षरही न छापता थांबलं तर डीबग_यूएआरटी (सिरियल पोर्टवर थेट छापण्याची सोय). तो ड्रायव्हर मॉडेलच्या आधीच चालतो. त्याला प्रकार, बेस पत्ता, क्लॉक आणि रजिस्टर ३२ बिटी असतील तर शिफ्ट २ द्यावा लागतो. पिना बूटरॉमने (चिपमधल्या कायमच्या पहिल्या कोडने) लावल्या नसतील तर डीबग_यूएआरटी_बोर्ड_इनिट चालू करून त्या स्वतः लावायच्या. कचरा अक्षरं आली तर ती चांगली बातमी आहे, पिना बरोबर आहेत. टर्मिनल ५७६०० किंवा २३०४०० वर नेऊन पाहावं. तिथे वाचता आलं तर दिलेला क्लॉक दुपटीने चुकला आहे. खरा क्लॉक २४ मेगाहर्ट्झ असताना ४८ लिहिला, तर १३ ऐवजी २६ चा भाजक बसतो आणि ११५२०० चे ५७६०० होतात.

थोडे नोड वाढवल्यावर एसपीएल मध्येच उणे १२ देऊन मरू लागलं, तर रिलोकेशनआधीचा हीप (गरजेप्रमाणे वाटली जाणारी मेमरी) तोकडा पडला आहे. एसपीएल_सिस_मॅलोक_एफ_लेन जुन्या बोर्डांवर हेक्स ४००, म्हणजे अवघा १ किलोबाइट, असतो. हेक्स २०००, म्हणजे ८ किलोबाइट, ही माझी सुरुवातीची किंमत. अर्थात तो हीपही त्याच एसरॅममधून (चिपमधल्या छोट्या मेमरीतून) जातो जिथे एसपीएल स्वतः बसतं. जुन्या ऑलविनर चिप्सवर बूटरॉम एसपीएलसाठी ३२ किलोबाइटच घेतो, तिथे प्रत्येक सिम्बॉल मोजून घ्यावा लागतो. लिंकर 'ओव्हरफ्लोड' म्हणाला की मी आधी एसपीएलमधून बूटला न लागणारी साठवण काढतो: फ्लॅशवरून बूट असेल तर एमएमसी आणि फाइलसिस्टिम आधी जातात. मग फ्लॅशसाठी एसपीएल_एसपीआय_फ्लॅश_टायनी घेतो, कारण एसपीएलला वाचायचंच असतं, लिहायचं नसतं. एसपीएल_ऑफ_प्लॅटडेटा शेवटी. त्याने डिव्हाइस ट्रीचं रूपांतर सीच्या स्ट्रक्चरमध्ये होतं आणि लिबएफडीटीची (डिव्हाइस ट्री वाचणाऱ्या लायब्ररीची) जागा वाचते, पण प्रत्येक ड्रायव्हरने ते मान्य करणारा कोड लिहिलेला असावा लागतो, आणि पुष्कळांनी तो लिहिलेला नसतो.