बुटांची गोष्ट, तुम्ही विचारलंत म्हणून

वर्ल्ड कप जवळ आला की कोल्हापुरात पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकात मेस्सीचा कटआउट उभा राहतो आणि मला गाठून तोच प्रश्न विचारणारं कुणीतरी भेटतंच. कधी मैदानावरचं पोरगं, कधी त्याचा बाप. एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाव्हण्यांनी जिलबी बाजूला सारून विचारलं, "सर, आपली टीम अनवाणी खेळायची म्हणून १९५० च्या वर्ल्ड कपातनं बाहेर काढली म्हणं. खरं काय वो?"

वाढपी आमटी घेऊन डोक्यावर उभा होता, म्हणून मी "तसं न्हाई ते" एवढंच म्हणालो. आता निवांत सांगतो.

आधी अनवाणी खेळण्याबद्दल, कारण ते मला माहीत आहे. चौदा वर्षांचा होईस्तोवर मी अनवाणीच खेळलो. मग तालमीच्या (आमच्याकडे तालमींच्या फुटबॉल टीम असतात) ब टीममध्ये घेतलं आणि एका थोरल्या खेळाडूचे जुने बूट मिळाले. दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला. त्या काळी स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट, चामड्याचे असायचे, खिळ्यांनी ठोकलेले. स्टड झिजला की खिळा आतून वर यायचा, म्हणून तळव्याखाली पुठ्ठा कापून घालायचा. पहिल्या मॅचला माझ्याकडे बॉल आला आणि पायाला तो लागला की नाही हेच कळेना. अनवाणी असताना बॉल कुठं लागला, अंगठ्याच्या मुळाशी की घोट्याजवळ, हे न बघता कळतं. त्या बुटात काही कळत नव्हतं. हाफ टाइमला बूट काढून टाकायची फार इच्छा झाली होती. कोच बघत होते म्हणून राहिलो.

म्हणून १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली बरीचशी पोरं अनवाणी, नुसत्या पट्ट्या गुंडाळून उतरली हे ऐकल्यावर मला त्यांची कीव आली नाही. तो त्यांचा सवयीचा पाय होता. कॅप्टन होते नागा डोंगरातले डॉक्टर तालिमेरेन आओ. समोर फ्रान्स. इलफर्डच्या छोट्या मैदानावर आपण १-२ हरलो. दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, दोन्ही वाया गेल्या. फ्रान्सचा दुसरा गोल अगदी शेवटच्या मिनिटांत झाला. आता बघा, लंडनमध्ये अनवाणी पाय चालले. कुणी हाकललं नाही.

मग १९५० चं काय? ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्यामुळे एकही सामना न खेळता आपल्याला ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपात जागा मिळाली. गटात इटली, स्वीडन आणि पॅराग्वे होते. प्रवासाचा बराचसा खर्च उचलायला ब्राझीलवाले तयार होते. तरी स्पर्धेच्या तोंडावर आपल्या फुटबॉल महासंघाने नाव काढून घेतलं. कारणं सांगितली ती टीमच्या निवडीवरून मतभेद आणि सरावाला कमी वेळ. लांबचा बोटीचा प्रवास, परकीय चलनाची टंचाई हेही होतंच. पण खरी गोष्ट नंतर शैलेन मन्ना सांगायचे. गेलो असतो तर तेच कॅप्टन असते. त्यांचं म्हणणं होतं की तेव्हा आपल्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं, वर्ल्ड कप म्हणजे काय प्रकरण आहे हे कुणाला नीट माहीतच नव्हतं. फिफाने अनवाणी पायांमुळे आपल्याला बाहेर काढलं, ही कथा मागाहून चिकटली.

आणि एकटे आपणच घरी बसलो असंही नाही. स्कॉटलंडला जागा मिळत होती, पण ब्रिटनमधल्या टीममध्ये ते पहिले आले नाहीत म्हणून त्यांनी फुगून नाही म्हटलं. तुर्कस्तान गेलं नाही. फ्रान्सने हो म्हणून नंतर नाही म्हटलं. सोळा जागांच्या स्पर्धेत तेरा टीम खेळल्या. इटली गतविजेती होती, तीसुद्धा बोटीने गेली, कारण वर्षभरापूर्वी तोरिनो क्लबची अख्खी टीम विमान अपघातात गेली होती. उरुग्वेच्या गटात दोनच टीम होत्या. बोलिव्हियाला ८-० हरवून ते पुढे गेले आणि वर्ल्ड कप घेऊन आले. आज आपण ज्याला वर्ल्ड कप म्हणतो ते हे नव्हतं. आमच्याकडे एखाद्या गावच्या जत्रेतल्या स्पर्धेला दोन टीम ऐनवेळी येत नाहीत ना, तसा सगळा मामला.

बुटांची खरी गोष्ट आहे ती त्यानंतरची, हेलसिंकीची. १९५१ ला दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलवर इराणला १-० हरवून आपण सुवर्णपदक घेतलं होतं. त्या गुर्मीत १९५२ च्या ऑलिंपिकला गेलो, बरेचसे खेळाडू पुन्हा अनवाणी. फिनलंडची थंडी आणि समोर युगोस्लाव्हिया. १-१०. आपला एकमेव गोल अहमद खानचा. परत आल्यावर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे आपल्याला बूट घालायला लावले ते युगोस्लाव्हियाने. फिफाचा काही संबंध नाही.

आता मला जे सांगायचं असतं पण कुणी विचारत नाही ते सांगतो. मेलबर्न ऑलिंपिक, १९५६. हंगेरीने माघार घेतली म्हणून आपण पहिला अडथळा न खेळताच पार केला. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ. आपल्या फॉरवर्डमध्ये नेव्हिल डिसोझा, मूळ गाव बारदेशातलं आसगाव, खेळायचा मुंबईत. त्याने एकट्याने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये फुटबॉलची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. चौथा गोल किट्टूचा. ४-२ ने आपण सेमीफायनलला, आणि तिथवर पोचलेला आशियातला पहिला देश आपण. आणखी एक गंमत बघा. नेव्हिल भारतासाठी गोल करत होता तेव्हा त्याचं आसगाव पोर्तुगालच्या ताब्यात होतं. गोवा मोकळा व्हायला अजून पाच वर्षं होती.

सेमीफायनलला पुन्हा युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल घालणारे. हाफ टाइमपर्यंत ०-०. दुसऱ्या हाफमध्ये नेव्हिलने गोल मारला आणि आपण पुढे. ती आघाडी टिकली जेमतेम दोन-तीन मिनिटं. पुढे ४-१ हरलो, त्यातला शेवटचा तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आपल्या गोलात गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने मारलं. चौथे आलो. नेव्हिलचे चार गोल झाले आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांत त्याचं नाव लागलं.

फार फुशारकी नको म्हणून हेही सांगतो: त्या स्पर्धेला अकराच टीम होत्या आणि आपण जिंकलो ती मॅच एकच. पण ती दोन-तीन मिनिटं डोळ्यांसमोर आणायला मला आवडतं. ऑलिंपिकची सेमीफायनल, समोर युगोस्लाव्हिया आणि आपण १-० ने पुढे. माझ्या वर्गातल्या एका पोराने हे ऐकून विचारलं होतं, "व्हिडिओ हाय काय वो सर?" मी पुढचं सांगायला लागलो.

या सगळ्यामागे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने मास्तर, म्हणून मला जास्त जवळचे. मध्यंतरी त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला आणि पोरांना १९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा पाठ झाली, ते एक बरं झालं. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाशी ०-२ हरलो होतो. फायनलला पुन्हा कोरियाच. इस्राएल आणि तैवानला यजमान इंडोनेशियाने येऊ दिलं नव्हतं आणि भारताचे क्रीडा प्रशासक सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली होती. त्यामुळे भरलेलं स्टेडियम आपल्यावर खवळलेलं. जर्नेल सिंग हा डिफेंडर, डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला फॉरवर्डला लावला. आपल्याच पेठेत कोचने असं काही केलं असतं तर कट्ट्यावर त्याची चामडी लोळवली असती. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, जर्नेलने टाके घातलेल्या डोक्याने दुसरा. २-१. रहीमसाहेबांना तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

त्यांच्यानंतर १९६४ ला आशिया चषकात चार टीममध्ये दुसरे आलो, १९७० ला बँकॉकला जपानला हरवून कांस्य मिळालं, आणि संपलं. तेव्हापासून आशियाई स्पर्धेतलं एकही फुटबॉल पदक नाही.

का, असं विचाराल तर माझं उत्तर असं. देशातले सामने कितीतरी वर्षं सत्तर मिनिटांचेच खेळवले गेले. बाहेर नव्वद. सत्तरच्या सवयीची फुप्फुसं नव्वदला कशी पुरणार? आम्ही तालमीत पोरांना दोन तास पळवतो ते काय उगाच? जपानने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी जर्मनीहून डेटमार क्रामर नावाचा कोच आणला आणि त्याचं ऐकलं. चार वर्षांनी त्यांना ऑलिंपिकचं कांस्य मिळालं. आपल्याकडे टीममध्ये बंगालचे किती आणि हैदराबादचे किती, हा हिशेब चालू होता.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. १९५० ला गेलो नाही, ठीक. एक गाडी चुकू शकते. त्यानंतर वर्ल्ड कपची पात्रता फेरी आपण पहिल्यांदा खेळलो ती १९८५ साली, ८६ च्या स्पर्धेसाठी. पस्तीस वर्षं आपण गाडीत चढलोच नाही आणि दोष मात्र चपलांना. त्या फेरीत आपल्या गटात इंडोनेशिया, थायलंड आणि बांगलादेश होते. इंडोनेशिया पहिला आला, आपण दुसरे. खरं तर वाईट नव्हतं. पण त्याच ८६ ला टीव्हीवर मॅरेडोना दिसला आणि आमचं अख्खं गाव अर्जेंटिनाचं झालं. आमच्या तालमीतल्या कुणाला तेव्हा विचारलं असतं की आपण पात्रता फेरी खेळलो का, तर "कोण आपण?" म्हणाला असता. मीही त्यातच होतो.

पुढचं भराभर सांगतो. १९८४ ला सिंगापूरच्या आशिया चषकात इराणला ०-० रोखलं, पण स्पर्धेत एकही गोल केला नाही. २००८ ला सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकवर ताजिकिस्तानला ४-१ हरवून २०११ च्या आशिया चषकाची जागा मिळवली, तिथं तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ हाणलं तेव्हा मी घरात ओरडलो होतो. शेवटी बहारिनशी बरोबरी जरी झाली असती तरी पुढे जायची आशा होती, तर नव्वद मिनिटं झाल्यावर पेनल्टी दिली. २०२४ च्या जानेवारीत आशिया चषकात तीन सामने, तीन हार, शून्य गोल.

मध्ये एक २०१७ होतं. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला आणि भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारून १-१ केलं. कुठल्याही वयोगटातल्या फिफा वर्ल्ड कपमधला भारतीय पुरुषांचा पहिला गोल. लगेच पुढच्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा घातला. मेलबर्नला दोन-तीन मिनिटं मिळाली होती, इथं एक.

२०२५ च्या ऑक्टोबरात सिंगापूरशी मॅच होती, मडगावला फातोर्डा स्टेडियमवर. नेव्हिलच्या गोव्यात. आशिया चषकाची पात्रता फेरी. मी आणि माझ्या हाताखालची सात-आठ पोरं एकाच मोबाइलवर, शाळेच्या पायरीवर. आपल्या छांगटेने लांबून असला काही गोल मारला की पोरं पायरीवरून खाली पडायची राहिली. हाफ टाइमच्या जरा आधी त्यांनी बरोबरी केली, दुसऱ्या हाफमध्ये पुढे गेले. १-२. २०२७ च्या आशिया चषकातून बाहेर.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सगळ्यात लहान पोराने विचारलं, "सर, सिंगापूर केवढं हाय?"

मी म्हटलं, "आपल्या जिल्ह्याचे दहा तुकडे केले तर त्यातल्या एकापेक्षाही बारकं."

त्याने जरा विचार केला. "मग त्येंच्यात तालमी किती हायत?"