लाल खिडकीत ९

"कॅमेरा उघडू नका," एवढंच मी त्या मुलीला फोनवर सांगितलं होतं. तिनं ते पाळलं, म्हणून पुढचं सगळं जमलं. जुलैच्या भर पावसात जुन्या सुती साडीत गुंडाळून आणलेला आगफा क्लिक थ्री कॅमेरा तिनं टेबलावर ठेवला, तेव्हा त्याच्या पाठीवरच्या छोट्या लाल खिडकीत ९ चा आकडा दिसत होता. साताऱ्याच्या घरी ट्रंकेत तो चाळीसेक वर्षं पडून होता. "काका, आत काही असेल का हो?"

आत काय उरलंय ते रोल धुतल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, पण आकड्यावरून हिशेब बांधता येतो. क्लिकमध्ये १२० मापाचा रोल बसतो आणि १२ चौकोनी फोटो येतात. खिडकीत ९ म्हणजे आठ फोटो काढलेले, नववा काढला असेल किंवा नसेल, आणि शेवटच्या तीन फ्रेम कोऱ्या. या तीन कोऱ्या फ्रेम म्हणजे मोठीच सोय होती. अशा रोलवर पहिलाच प्रयोग चुकला तर दुसरी संधी नसते. इथं प्रयोगासाठी त्याच रोलचा, त्याच ट्रंकेत म्हातारा झालेला तुकडा हाताशी होता.

डार्करूममध्ये दिवा बंद करून रोल शेवटपर्यंत गुंडाळला, अगदी सावकाश, कारण फिल्ममागचा जुना कागद, म्हणजे बॅकिंग पेपर, ताण सहन करत नाही. वापरलेला १२० चा रोल उलगडला की आधी फिल्मचं मोकळं टोक हाती येतं, म्हणजे नेमक्या कोऱ्या फ्रेम. १५ सेंटिमीटरचा पुठ्ठा आधीच कापून ठेवला होता. त्याच्या मापानं अंधारात तेवढा तुकडा कापून उजेडापासून झाकून ठेवला. उरलेली फिल्म कागदाला जिथं टेपनं चिकटलेली असते तिथं घाई करायची नाही. टेप फटकन ओढली तर अंधारात निळसर चमक उठते.

खरी झटापट रीलवर, म्हणजे धुण्याच्या टाकीतल्या चक्रीवर, फिल्म चढवताना झाली. चाळीस वर्षं गुंडाळी होऊन बसलेली फिल्म सुरळी सोडायला तयार नव्हती, आणि पावसाळ्यात दमट बोटांनी ती प्लास्टिकच्या रीलवर अडकते. रील आधी हेअर ड्रायरनं कोरडं करून घेतलं होतं, फिल्मचे दोन्ही कोपरे कात्रीनं किंचित उतरवले, तरी दोनदा चढवून काढावी लागली. टाकीचं झाकण बसल्यावर दिवा लावला आणि बॅकिंग पेपर पहिल्यांदा नीट पाहिला. रोल इंदू ब्रँडचा होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि आता बंद पडलेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा.

तुकड्याचे तीन भाग केले. प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून क्षणभर दिवा लावला आणि पुन्हा अंधार केला. धुतल्यावर उजेड लागलेला भाग पूर्ण काळा येतो आणि झाकलेल्या भागावर फक्त फॉग, म्हणजे वयानं आलेला करडेपणा दिसतो. या दोन्हींत जेवढं अंतर, तेवढीच जागा फोटोला. उष्णतेनं आणि दमटपणानं फिल्मवरचे उजेड न पाहिलेले चांदीच्या क्षाराचे कणही हळूहळू काळे व्हायला तयार होतात. दुसरीकडे खरी प्रतिमा झिजत असते. जास्त वेळ धुतलं तर फॉग प्रतिमेला गिळतो, कमी वेळ धुतलं तर प्रतिमा वर येतच नाही.

प्रतिमा वर आणणाऱ्या द्रावणांत, म्हणजे डेव्हलपरांत, रोजच्या कामाला डी-७६ उत्तम, पण म्हाताऱ्या फिल्मवर मी एचसी-११० वापरतो. एकास ३१ भाग पाणी, म्हणजे ५०० मिलिलिटरला साधारण १६ मिलिलिटर. जोडीला बेन्झोट्रायाझोलचं एक टक्का द्रावण, लिटरला १० मिलिलिटर. ते फॉग दाबतं, पण डेव्हलपरही थोडा मंदावतो, त्यामुळे वेळ वाढवावा लागतो. तापमान १८ अंश ठेवायचं होतं आणि नळाचं पाणी २६ वर होतं. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचा, द्रावणात टाकायचा नाही. वितळला की प्रमाण बिघडतं.

पहिला तुकडा ६ मिनिटं, दुसरा ८, तिसरा ११. ओले तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून झाकलेल्या भागातून पाहिलं. ११ मिनिटांच्या तुकड्यातून मथळादेखील वाचता येईना. सहाच्या तुकड्यातून बारीक अक्षरं स्वच्छ दिसत होती, पण त्याचा काळा भाग फिकट होता. आठच्या तुकड्यातून बातमी जेमतेम वाचता येत होती आणि काळा भाग घट्ट काळा होता. आठ ठरले.

टाकीत आधी साधं पाणी घातलं, तेही १८ अंशांचं. ओतलं तेव्हा ते हिरवट निघालं, फिल्ममागचा रंग सुटला होता. मग डेव्हलपर, मग अॅसिडऐवजी दोनदा साधं पाणी, मग प्रतिमा पक्की करणारा फिक्सर, त्यात थर घट्ट करणारा हार्डनर घातलेला. सगळं एकाच तापमानाचं हवं. एवढ्या जुन्या फिल्मचं इमल्शन, म्हणजे प्रतिमेचा थर, ओल्या साबणासारखं मऊ होतं. गार पाण्यातून एकदम कोमट पाण्यात गेलं तर त्याला सुरकुत्या पडतात आणि मग काहीच करता येत नाही.

रील वर काढलं. नऊपैकी सात फ्रेमवर माणसं होती.

तुळशीवृंदावनाशेजारी काखेत मूल घेऊन उभी असलेली बाई, मुलानं मान वळवल्यामुळे त्याचा चेहरा फराटल्यासारखा. एका फ्रेममधल्या आकाशात बॅकिंग पेपरवरचा ४ उमटलेला. दमट जागी कागदाची शाई इमल्शनवर छाप सोडते, तो पुसता येत नाही. नववा फोटो काढलेला होता: रिकामं अंगण, दोरीवर धोतर.

फिल्मची ओढ का टिकून आहे असं विचारलं की लोक दाण्याबद्दल, रंगाबद्दल बोलतात. मला त्या रीलवर जे दिसलं ते त्याहून मोठं वाटतं. शटर उघडलं त्या निमिषात सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणावर चांदीचे मोजके अणू एकत्र आले आणि चाळीस उन्हाळे तसेच राहिले. डेव्हलपरनं त्या ठिपक्यावरून अख्खा कण चांदीचा केला, एवढंच. त्या दिवशी त्या अंगणातला उजेड याच पट्टीवर पडला होता, आणि ती आता खिडकीशी धरून नुसत्या डोळ्यांनी पाहता येते.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड घेतलं, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं तेच. बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. पंखा बंद करून, खाली चिमट्याचं वजन लावून फिल्म बाथरूममध्ये टांगली. त्या हवेत वाळायला संध्याकाळ झाली.

तिनं निगेटिव्ह लाइट टेबलवर भिंगानं पाहिल्या, तुळशीजवळच्या फ्रेमवर बराच वेळ थांबली, आणि मग एकदम विचारलं, "याचा रोल अजून मिळतो?" मिळतो. १२० ची फिल्म १९०१ पासून बनते आहे. १०० स्पीडचा रोल तिच्यासमोर भरला. लाल खिडकी जुन्या, लाल उजेड न पाहणाऱ्या फिल्मसाठी होती. आजच्या फिल्मला तोही दिसतो. म्हणून खिडकीवर काळी टेप लावली आणि सांगितलं, आकडा पाहायचा तर सावलीत, पदराआड, आणि लगेच झाकायचं.